मल्लखांब : गुरुमुखापासून गुणपत्रिकेपर्यंत

१४ ऑगस्ट २०१६ च्या रात्री रिओच्या ऑलिंपिकमध्ये आगरतळ्याची दीपा कर्माकर ही मुलगी जिम्नॅस्टिक्सच्या अंतिम स्पर्धेत उतरली आणि चौथी आली. स्पर्धेचा प्रकार व्हॉल्ट, म्हणजे धावत येऊन साधनावर हात टेकून मारावयाच्या उडीचा. तिचे गुण १५.०६६, तिसऱ्या आलेल्या स्वित्झर्लंडच्या ज्युलिया स्टाइनग्रुबरचे १५.२१६. अंतर अवघे ०.१५० चे. दुसऱ्या दिवशी स्वातंत्र्यदिन होता. त्या दिवशी देशात या चौथ्या क्रमांकाचे जेवढे कौतुक झाले तेवढे पुष्कळशा पहिल्या क्रमांकांच्याही वाट्यास येत नाही. आणि ते योग्यच होते. कारण १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर, म्हणजे ५२ वर्षांनी, एक भारतीय जिम्नॅस्ट ऑलिंपिकला गेली होती, आणि भारतीय स्त्री तर प्रथमच.

परंतु कौतुकाबरोबर एक प्रश्नही त्या दिवसांत आपल्याकडे ऐकू येत असे. ज्या महाराष्ट्रात मल्लखांब आहे, त्या महाराष्ट्राला ही रिकामी ५२ वर्षे का दिसावीत? उलटे लोंबकळणे, अंग मुरडणे, हवेत तोल सावरणे यांत आमची पोरे कोणाला हार जाणारी नव्हती. मग जग पुढे गेले आणि आम्ही कोठे राहिलो? या प्रश्नाला दोन सोपी उत्तरे दिली जातात. एक, आमच्याकडे पैसा आणि साधने नव्हती. दुसरे, आमची विद्या मूळचीच श्रेष्ठ, तिला परक्यांच्या स्पर्धेची गरज काय! पहिले उत्तर अर्धे खरे आहे. दुसरे ऐकावयास गोड आहे, पण त्यात इतिहास नाही. आज आम्हांला त्या इतिहासाकडे थोडे निरखून पाहावयाचे आहे.

मल्लखांब या शब्दातच त्याचे मूळ प्रयोजन सांगितले आहे. मल्लाचा खांब तो मल्लखांब. कुस्तीसाठी अंग तयार करण्याचे ते साधन. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ रचला. त्यात मल्लांच्या मेहनतीचे जे प्रकार दिले आहेत, त्यांत ‘स्तंभश्रम’ असा एक प्रकार आहे. म्हणजे खांबावर अंग घोटण्याची कल्पना आठ-नऊशे वर्षांची तरी जुनी आहे. मात्र त्यानंतर कित्येक शतके या विद्येचा स्पष्ट माग लागत नाही. तो लागतो एकदम पेशवाईच्या अखेरीस, आणि तोही एका आख्यायिकेच्या रूपाने.

इचलकरंजीकरांना पेशवाईची ओळख नव्याने करून द्यावयास नको. बाळाजी विश्वनाथांची कन्या अनुबाई ही येथल्या घोरपड्यांच्या घरात सून म्हणून आली, आणि वासुदेवशास्त्री खऱ्यांनी या संस्थानाचा इतिहास लिहून ते सारे नाते ग्रंथरूपाने जपून ठेवले. त्याच पेशव्यांच्या शेवटच्या पिढीतील, दुसऱ्या बाजीरावाच्या पदरची ही गोष्ट. निजामाच्या राज्यातून अली आणि गुलाब असे दोन मल्ल पुण्यास आले आणि त्यांनी दरबारास आव्हान दिले. कोणी पुढे होईना. तेव्हा बाळंभटदादा देवधर या तरुणाने विडा उचलला, तयारीसाठी मुदत मागितली आणि तो वणीच्या सप्तशृंगीच्या डोंगरावर जाऊन बसला. तेथे मारुतीने त्यास दृष्टान्त दिला आणि खांबावरची मेहनत शिकविली. परत येऊन बाळंभटांनी गुलाबास चीत केले, आणि अलीने कुस्तीच सोडली.

या आख्यायिकेचे काय करावयाचे? तिला इतिहास म्हणून डोक्यावर घेणे आम्हांस मान्य नाही, आणि थट्टेवारी नेणेही मान्य नाही. वानराची पकड पाहून माणसाने आपली पकड सुधारली, एवढे तीत पाहण्यासारखे आहे. वानर फांदीला नुसत्या हाताने धरीत नाही. ते तिला पायाने, कोपराने, काखेने धरते, आणि एक पकड सोडण्यापूर्वी दुसरी घेते. मल्लखांबाचे सारे शास्त्र यातच आहे. ‘मानसोल्लासा’तील स्तंभश्रमाची आठवण ठेवली म्हणजे बाळंभटदादांना या विद्येचे जनक म्हणण्यापेक्षा पुनरुज्जीवक म्हणणे अधिक नेमके ठरते. त्यांची थोरवी त्याने उणावत नाही. विझलेली चूल पुन्हा पेटविणाऱ्याचे श्रम काही कमी नसतात.

आता त्याच वर्षांत पृथ्वीच्या दुसऱ्या टोकास काय चालले होते ते पाहू. १८०६ साली नेपोलियनने प्रशियाचा पराभव केला. त्या मानहानीने जळणारा फ्रीड्रिख लुडविग यान नावाचा एक शिक्षक १८११ मध्ये बर्लिनबाहेरच्या हाझेनहाइडे या माळावर मुलांना घेऊन गेला. तेथे त्याने खांब, दोर, शिड्या उभ्या केल्या. आडवा बार आणि समांतर बार ही साधने रूढ केली. आजच्या स्पर्धात्मक जिम्नॅस्टिक्सच्या मोठ्या भागाची पाळेमुळे त्या माळावर आहेत. बाळंभटदादा पुण्यात शिष्य तयार करीत होते, आणि यान बर्लिनला मुले तयार करीत होता. दोघांचा काळ एक, आणि साधनांतही खांब आणि दोर सारखेच. इतके साम्य पाहून मौज वाटते.

पुढे मात्र वाटा फुटल्या. १८१६ मध्ये यानने आयझेलेन या आपल्या सहकाऱ्याबरोबर एक पुस्तक छापले. त्यात प्रत्येक साधन कसे बांधावे, त्यावरचे व्यायाम कोणते, त्यांस नावे काय, हे सारे दिले होते. तीनच वर्षांनी सरकारचा त्याच्यावर रोष झाला. १८१९ मध्ये यानला अटक झाली, आणि १८२० पासून १८४२ पर्यंत प्रशियात या मैदानी व्यायामावर बंदी होती. बावीस वर्षे! पण बंदी मैदानावर होती. पुस्तक छापून गेलेले होते. बंदी उठली तेव्हा विद्या पुन्हा शून्यापासून शोधावी लागली नाही.

इकडे १८१८ मध्ये पेशवाई बुडाली. बाजीराव ब्रह्मावर्तास गेले. पुण्याचा आखाडा पोरका झाला. बाळंभटदादांच्या विद्येचे पुस्तक नव्हते. तिचे होते ते शिष्य. चिरंजीव नारायणगुरू देवधर, शिष्य कोंडभटनाना गोडबोले, पुढे काशीचे दामोदरगुरू मोघे, अशी ही परंपरा गंगेच्या काठी गेली. ब्रह्मावर्तास नानासाहेब आणि लहानपणीची झाशीची राणी हीही मल्लखांब खेळत असत, असे परंपरा सांगते. तेथून ही विद्या माळव्यात, ग्वाल्हेर-उज्जैनकडे, बडोद्यास आणि पुन्हा महाराष्ट्रात आली. हा सारा प्रवास माणसांच्या अंगातून झाला. राज्य गेले, राजाश्रय गेला, तरी विद्या उरली, हे गुरुपरंपरेचे मोठे यश आहे, आणि ते कबूल केल्याशिवाय पुढे जाणे हा कृतघ्नपणा होईल. तथापि अशा प्रवासाची किंमत असते. एखादा गुरू अकाली गेला, एखादा शिष्य अर्धवट शिकला, एखाद्याने आपली खास पकड शेवटपर्यंत कोणास दाखविली नाही, की तेवढी विद्या त्या माणसाबरोबर संपते.

याचे फार सुंदर उदाहरण आपल्या गावाच्याच इतिहासात आहे. मात्र ते व्यायामातील नसून गायनातील आहे. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात घेऊन आले. ती त्यांना पुस्तकात मिळाली नाही. ती त्यांनी वासुदेवबुवा जोशी यांच्याकडे अपार कष्ट सोसून गळ्यात उतरवून घेतली. त्यांचेच मिरजेतील शिष्य विष्णु दिगंबर पलुस्कर. त्यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, स्वरलिपी तयार केली, पुस्तके छापली. त्या काळी पुष्कळांनी नाके मुरडली. कागदावर का कधी गाणे उतरते? खरोखरच उतरत नाही. पण कागदामुळे गाणे शिकू पाहणाऱ्याला पहिली पायरी सापडते, आणि गुरू नसलेल्या गावातही त्या पायरीपर्यंत जाता येते. बुवांच्या गळ्याशिवाय पलुस्करांची पुस्तके निर्जीव ठरली असती, आणि पुस्तकांशिवाय ती गायकी घरोघर पोहोचली नसती.

मल्लखांबाला असा लेखक मिळावयास विसावे शतक बरेच उजाडावे लागले. बडोद्याचे दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी १९३६ ते १९४९ या काळात ‘व्यायाम ज्ञानकोश’ दहा खंडांत प्रसिद्ध केला. भारतीय व्यायामाचे प्रकार मराठीत इतक्या विस्ताराने, चित्रांसह, मांडण्याचा असा उद्योग पूर्वी झाला नव्हता. यानच्या पुस्तकानंतर हे सव्वाशे वर्षांनी घडले. ही सव्वाशे वर्षेच आमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर होत.

तोवर तिकडे काय झाले होते? १८८१ मध्ये लीएज येथे जिम्नॅस्टिक्सचा युरोपीय संघ स्थापन झाला; पुढे तोच आंतरराष्ट्रीय संघ बनला. १८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये जिम्नॅस्टिक्स होतेच, आणि त्यात दोरावर चढण्याचीही स्पर्धा होती. ही दोराची स्पर्धा अधूनमधून १९३२ पर्यंत चालली. १९२८ पासून स्त्रियांना सांघिक स्पर्धेत प्रवेश मिळाला. १९४९ मध्ये गुणदानाची संहिता तयार झाली. तीत कोणत्या हालचालीस किती गुण आणि कोणत्या चुकीस किती वजावट, हे लिहिलेले असते. एखाद्या खेळाडूने नवी हालचाल जागतिक स्पर्धेत प्रथम यशस्वी केली, तर ती त्याच्या नावाने संहितेत नोंदली जाते. जपानच्या त्सुकाहाराची उडी, रशियाच्या प्रोदुनोवाची उडी, अमेरिकेच्या सिमोन बाइल्सच्या उड्या ही त्याची उदाहरणे.

आमच्या मल्लखांबातही नावे आहेत, आणि फार गोड आहेत. अढी, तेढी, बगली, दसरंग, फिरकी, सुईदोरा, वेल, उतरती, झाप, फरारा, ताजवा. ऐकताच डोळ्यांपुढे आकृती उभी राहते. सुईत दोरा ओवावा तसे अंग ओवले जाते, वेलीसारखे अंग खांबास विळखे घालीत चढते, तराजूच्या दांडीसारखे आडवे तोलले जाते. पण यांत माणसाचे नाव कोठे आहे? पहिला सुईदोरा कोणी ओवला? उत्तर नाही. आपल्याकडे कलावंत आपले नाव कलेत विसर्जित करतो, असे म्हणून आम्ही समाधान मानतो. त्यात काही उदात्तता आहे, हे खरे; परंतु ज्याची नोंदच झाली नाही त्याच्या पुढची पायरी कोणती, हे पुढच्या पोराला कळत नाही, हेही तितकेच खरे आहे.

१९३६ साली या दोन वाटा एका शहरात येऊन मिळाल्या. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक ऑलिंपिकच्या वेळी बर्लिनला गेले. वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये स्थापन केलेली ही संस्था. ज्या बर्लिनच्या माळावर यानने खांब रोवले, त्याच बर्लिनमध्ये बाळंभटदादांच्या विद्येचे वारस कबड्डी आणि मल्लखांब यांची प्रात्यक्षिके दाखवीत होते. पाहणारे थक्क झाले. पण येथे एका शब्दाकडे लक्ष द्यावे : प्रात्यक्षिके. जिम्नॅस्टिक्सची स्पर्धा होत होती. मल्लखांबाचे प्रदर्शन होत होते. प्रदर्शनानंतर टाळ्या वाजतात आणि पाहुणे घरी परततात. स्पर्धेनंतर निकाल उरतो आणि त्यावर पुढची चार वर्षे मेहनत करता येते.

आपल्या कोल्हापूरच्या कुस्तीशी तुलना केली म्हणजे हा मुद्दा अधिक स्पष्ट होईल. शाहू महाराजांनी खासबागेचे मैदान उभारले, तालमींना आश्रय दिला. त्या मातीतून मल्ल निघाले. राजाराम कॉलेजात शिकलेले खाशाबा जाधव १९४८ मध्ये लंडनला गेले. मातीत तयार झालेल्या गड्याला तेथे गादीवर खेळावे लागले, नियमही निराळे. सहावा क्रमांक आला. पण काय कमी पडले ते कळले, आणि चार वर्षांनी, १९५२ मध्ये, हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक मिळविले. कुस्तीला जगाच्या आखाड्यात शिरावयास दार होते. त्याच कुस्तीच्या खांबाला मात्र ते नव्हते.

दार करण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. १९५१ मध्ये भारतीय जिम्नॅस्टिक्स महासंघ स्थापन झाला. १९५८ च्या दिल्लीच्या राष्ट्रीय स्पर्धेत मल्लखांब दाखविला गेला, आणि १९६२ मध्ये ग्वाल्हेरला त्याची स्पर्धा घेण्यात आली. १९६४ च्या टोकियो पथकात बंडू भोसले आणि विठ्ठल कारंडे ही दोन मराठी नावे दिसतात. पण मल्लखांब आणि जिम्नॅस्टिक्स यांचा हा एकत्र संसार टिकला नाही. मल्लखांबाची स्वतंत्र राष्ट्रीय स्पर्धा जानेवारी १९८१ मध्ये उज्जैन येथे झाली, आणि तेथून या खेळाचे स्वतःचे नियम, स्वतःचे पंच, स्वतःची गुणपत्रिका यांचा संसार सुरू झाला. पुरलेला, टांगता आणि दोरीचा असे प्रकार ठरले. पुरलेला खांब जमिनीवर सुमारे अडीच मीटर, वर निमुळती मान आणि तिच्यावर बोंड. लाकूड सागाचे वा शिसवीचे, आणि वर एरंडेलाचा हात. पूर्वी एका तालमीचा खांब दुसऱ्या तालमीच्या खांबाशी जुळत नसे. आता मापे लिहिली गेली.

त्यानंतरच्या घडामोडी वेगाने झाल्या. २०१३ मध्ये मध्य प्रदेशाने मल्लखांबास राज्यखेळ ठरविले. १६ व १७ फेब्रुवारी २०१९ रोजी मुंबईत दादरच्या शिवाजी पार्कवर पहिली जागतिक स्पर्धा झाली. निरनिराळ्या देशांचे खेळाडू त्या खांबावर चढले. २०२२ मध्ये गुजरातच्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांत मल्लखांब प्रथमच आला, आणि त्या वर्षाच्या अर्जुन पुरस्कारांत सागर ओव्हळकर या मल्लखांबपटूचे नाव आले. २०२४ मध्ये दादरच्या श्री समर्थ व्यायाम मंदिराचे उदय देशपांडे यांना पद्मश्री मिळाली. त्यांनी अंध मुलींनाही दोरीचा मल्लखांब शिकविला. ज्यांना दोर दिसत नाही त्यांनी तो अंगाने ओळखावा, हे वाचताना काशीच्या वाटेने अंगातून अंगात गेलेल्या त्या जुन्या विद्येची आठवण होते.

आता शंकेखोर विचारील, आणि त्याने विचारलेच पाहिजे, की या गुणपत्रिकेने सारे भलेच होते काय? तसे नाही. जिम्नॅस्टिक्सचाच इतिहास पाहा. १९७६ मध्ये माँट्रिअलला नादिया कोमानेचीला दहापैकी दहा गुण मिळाले, आणि फलकावर १.०० असा आकडा झळकला. कारण दहा दाखविण्याची सोयच फलकात केलेली नव्हती. परिपूर्णता शक्य आहे असे कोणी धरलेच नव्हते! पुढे २००६ पासून दहाची ती मर्यादाच काढून टाकली. हालचाल जितकी कठीण तितके गुण अधिक. त्याने खेळ उंचावला, पण धोकाही वाढला. १९८० मध्ये सोव्हिएत संघाची येलेना मुखिना मॉस्को ऑलिंपिकच्या थोडे दिवस आधी सरावात हनुवटीवर पडली आणि जन्मभर अपंग झाली. ती जी कठीण उडी घेत होती, तिच्यासारख्या उड्यांवर पुढे स्त्रियांच्या स्पर्धेत बंदी आली. पुस्तकात नियम येतो, पण कधी कधी त्याआधी एखाद्या मुलीचे आयुष्य जाते. मल्लखांबाच्या स्पर्धकांनी आणि पंचांनी ही गोष्ट भिंतीवर लिहून ठेवावी. अंग घडविण्यासाठी जे साधन जन्मास आले, त्यावर गुणांच्या हव्यासाने अंग मोडू लागले तर बाळंभटदादांच्या नावाने नारळ फोडण्यात अर्थ नाही.

याच ठिकाणी दीपा कर्माकरकडे पुन्हा वळावेसे वाटते. आगरतळ्यास तिच्यापाशी काय होते? आरंभी मोडक्या स्कूटरच्या भागांपासून केलेली साधने, आणि बिश्वेश्वर नंदी हे एक गुरू. तेच तिला शेवटपर्यंत शिकवीत राहिले. म्हणजे गुरुशिष्यांची ती जुनीच जोडी. पण या गुरूपाशी जगाचे पुस्तकही होते. प्रोदुनोवाच्या उडीस काठिण्याचे ७.० गुण आहेत, हे त्या संहितेत छापलेले होते. ज्या उडीला भले भले खेळाडू बिचकत, ती साधली तर साधनांतली उणीव पुष्कळशी भरून निघेल, हा हिशेब त्या पुस्तकामुळे करता आला. रिओला त्या उडीवर तिला १५.२६६ गुण मिळाले. दुसऱ्या उडीने ती थोडी मागे पडली. पुढे २०२४ मध्ये ताश्कंदला तिने आशियाई अजिंक्यपद मिळविले, आणि त्याच वर्षी ती निवृत्त झाली. नुसत्या पुस्तकाने ती घडली नसती, आणि नुसत्या गुरूने रिओपर्यंत पोहोचली नसती. आमच्या ५२ वर्षांच्या प्रश्नाचे उरलेले अर्धे उत्तर आम्हांला येथे सापडते.

मग महाराष्ट्रातल्या एखाद्या गावाने, आपल्यासारख्या मागांच्या गावाने, यातून काय घ्यावे? ऑलिंपिकची स्वप्ने पाहण्यास कोणाची हरकत नाही. पण त्याआधी करण्यासारखे काम अगदी साधे आहे. पंचगंगेच्या काठच्या गावोगावी जुन्या तालमी आहेत. त्यांत साठी-सत्तरी ओलांडलेली अशी माणसे अजून भेटतात, ज्यांनी पोरवयात खांबावर अंग घासले आहे. त्यांच्यापाशी जाऊन बसावे. त्यांना कोणत्या उड्या, कोणत्या पकडी माहीत आहेत, त्यांना ते काय नावे देतात, कोणी शिकविल्या, हे वहीत उतरून घ्यावे. शिकविणाऱ्याचे नाव मात्र विसरू नये, कारण तेच आजवर विसरत आलो आहोत. शाळेच्या अंगणात एक खांब रोवावा, खाली जाड गादी घालावी, जवळ जाणता शिक्षक उभा करावा, आणि मुलांच्या बरोबरीने मुलींनाही त्यावर चढू द्यावे.

आपल्या घोरपडे सरकारांनी बाळकृष्णबुवांना आश्रय दिला, तेव्हा या गायकाच्या शिष्याचे नाव लाहोरपर्यंत जाईल हे त्यांना कोठे ठाऊक होते? त्यांनी आपल्या गावापुरते एक चांगले काम केले, इतकेच. खांब आणि वही एवढी दोन साधने तर कोणत्याही गावाला परवडतील.